न सांगता लावलेले कॅमेरे

ब्रिटनमधील बर्मिंगहॅम शहरात स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ असे दोन भाग आहेत. दोन्हीकडे मुसलमानांची दाट वस्ती आहे. २०१० साली या भागांतल्या रस्त्यांवर एकामागून एक खांब उभे राहू लागले आणि त्यांवर कॅमेरे बसू लागले. रहिवाशांना सांगण्यात आले की, हे तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे. गाड्यांच्या चोऱ्या, गुंडगिरी आणि अमली पदार्थांचा धंदा यांना आळा बसेल. मुलेबाळे असलेल्या कोणत्या घराला हे नको असेल? अशा कॅमेऱ्यांना सहसा कोणी हरकत घेत नाही.

पण काही रहिवाशांना एक साधा प्रश्न पडला. शहरात इतर भागांतही चोऱ्या होतात, मग एवढे कॅमेरे फक्त आपल्याकडेच कशाला? त्यांनी विचारपूस सुरू केली, वर्तमानपत्रवाले मागे लागले आणि जून २०१० मध्ये खरी गोष्ट बाहेर आली. कॅमेरे दोनशेहून अधिक होते. त्यांतले ७२ तर कोणाला दिसू नयेत असे लपवून बसवायचे होते. बहुतेक कॅमेरे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबर प्लेट वाचून तिची नोंद ठेवणारे होते. त्यांची मांडणी अशी होती की या वस्त्यांभोवती जणू कडेच तयार व्हावे. गाडीने आत येणारा वा बाहेर जाणारा कोणीही त्यातून सुटू नये. आणि यासाठी लागलेले सुमारे ३० लाख पौंड स्थानिक गुन्हेगारीच्या नव्हे, तर दहशतवादविरोधी कामाच्या निधीतून आलेले होते. या योजनेला नावही होते, ‘प्रोजेक्ट चॅम्पियन’.

लोक संतापले. सभा झाल्या. त्यात मुसलमान होते, तसे बिगरमुसलमान शेजारीही होते. नगरसेवकांनी सांगितले की आम्हालाही पुरते सांगितले गेले नव्हते. १९३४ पासून नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘लिबर्टी’ या संस्थेने न्यायालयात जाण्याची तयारी केली. पोलिसांना माघार घ्यावी लागली. उभ्या केलेल्या कॅमेऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवण्यात आल्या. दुसऱ्या एका पोलीस दलाच्या प्रमुख सारा थॉर्नटन यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. त्यांच्या अहवालाने स्पष्टच सांगितले की, ही योजना कायद्याच्या चौकटीत बसते की नाही याचा विचार झाल्याचा फारसा पुरावाच नाही आणि लोकांचा विश्वास गमावला गेला आहे. बर्मिंगहॅमच्या पोलीस प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. २०११ मध्ये ते खांब उपटून नेण्यात आले. ते कॅमेरे एकदाही सुरू झाले नाहीत.

आम्ही ही हकीकत सांगतो आहोत ती एका खास कारणासाठी. ती दोन प्रकारे अर्धवट सांगता येते. कोणी म्हणेल, ‘पाहा, तिथेही मुसलमानांवर संशयच!’ कोणी म्हणेल, ‘पाहा, ब्रिटनमध्ये केवढा न्याय!’ दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण खरा धडा दोन्हींच्या पुढे आहे. त्या रहिवाशांचे स्वातंत्र्य कॅमेरा बसला त्या दिवशी धोक्यात आले नव्हते. ते त्याच्या कितीतरी आधी, त्यांना खरे कारण सांगायचे नाही असे ज्या दिवशी ठरले, त्या दिवशी धोक्यात आले. आणि ते परत मिळाले तेही घोषणांनी नव्हे, तर एका प्रश्नाचे खरे उत्तर बाहेर आल्याने.

आता एक म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते, ‘कर नाही त्याला डर कशाला?’ ज्याने काही वाईट केले नाही त्याने कॅमेऱ्याला, चौकशीला, झडतीला का घाबरावे? आमचे अनेक वाचक, विशेषतः वडीलधारी मंडळी, मुलांना हेच सांगतात. त्यामागचा हेतू चांगला असतो. मुलाने सरळ मार्गाने चालावे आणि भानगडीत पडू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु ही म्हण खरी मानायची तर ती सर्वांना लागू केली पाहिजे. सामान्य माणसाला आणि सरकारलाही. सरकारने काही वाईट केलेले नसेल तर त्याने तरी आपले कागद दाखवायला का घाबरावे?

ब्रिटनच्या संसदेनेच या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. तिथे माहितीच्या अधिकाराचा कायदा २००० साली संमत झाला आणि १ जानेवारी २००५ पासून अमलात आला. कोणाही माणसाने सरकारी कार्यालयाला लेखी विचारावे आणि कार्यालयाने कामकाजाच्या २० दिवसांत उत्तर द्यावे, असा तो कायदा. हेदर ब्रूक नावाच्या एका पत्रकार बाईंनी त्याखाली एक सरळ माहिती मागितली. खासदार आपल्या दुसऱ्या घराच्या आणि इतर खर्चाच्या नावाखाली सरकारी तिजोरीतून जे पैसे घेतात, त्यांची बिले त्यांना पाहायची होती. पैसा जनतेचा होता, पण उत्तर आले नाही. नकारामागून नकार आले.

मे २००७ मध्ये तर खासदारांनी कमालच केली. संसदेलाच या कायद्यातून वगळावे असे विधेयक त्यांनी ९६ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केले. वरच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, ते मांडायला एकही सदस्य पुढे झाला नाही म्हणून ते बारगळले. यातली गंमत लक्षात घ्या. याच सभागृहाने आदल्या वर्षी, २००६ मध्ये, संशयिताला आरोप न ठेवता २८ दिवस कोठडीत ठेवण्याची मुभा पोलिसांना दिली होती. त्याच वर्षी प्रत्येक नागरिकाची माहिती एका मोठ्या नोंदवहीत साठवणारा ओळखपत्राचा कायदाही केला होता. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही म्हण याहून चपखल कुठे बसणार?

शेवटी मे २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने बिले दाखवा असा निकाल दिला. अधिकृतपणे ती प्रसिद्ध होण्याआधीच, मे २००९ मध्ये, ‘डेली टेलिग्राफ’ने फुटलेली माहिती रोज छापायला सुरुवात केली. बागेतल्या बदकांसाठी घरकुल, वाड्याभोवतीच्या खंदकाची सफाई, कर्ज फिटलेल्या घराचे हप्ते, असे काय काय त्या कागदांत निघाले. हाउस ऑफ कॉमन्सचे अध्यक्ष मायकल मार्टिन यांना पद सोडावे लागले. अध्यक्षावर असा प्रसंग येण्याची ही ३०० वर्षांहून अधिक काळातील पहिली वेळ होती. काही खासदार तुरुंगात गेले. ज्यांच्या सरकारने तो कायदा केला, त्या टोनी ब्लेअर यांनी पुढे आपल्या आठवणींत हा कायदा करणे ही आपली मोठी चूक होती असे लिहून स्वतःलाच बोल लावले. आमच्या मते कायदा उपयोगी असल्याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

म्हणजे डर सर्वांनाच असते. फरक एवढाच की सामान्य माणसाला आपले खासगी जीवन झाकून ठेवण्याचा हक्क आहे, आणि सत्तेवरच्या माणसाला जनतेच्या पैशाने आणि जनतेच्या नावाने केलेले काम झाकून ठेवण्याचा हक्क नाही. सत्ता ही अमानत आहे. ठेव ठेवणाऱ्याने हिशेब मागितला, तर ठेव सांभाळणाऱ्याने रागवायचे कारण नाही.

आता त्या कोठडीच्या दिवसांकडे वळू. एखाद्याला संशयावरून पकडले, तर आरोप काय ते न सांगता त्याला किती दिवस डांबून ठेवता येते? ब्रिटनमध्ये दहशतवादाच्या संशयितांसाठी २००० च्या कायद्यात ही मर्यादा ७ दिवसांची होती. मग ती १४ झाली. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ५२ निरपराध माणसे मेली. त्यांत मुसलमानही होते. त्यानंतर ब्लेअर सरकारने ९० दिवसांची मागणी केली. ९ नोव्हेंबर २००५ रोजी कॉमन्सने ती ३२२ विरुद्ध २९१ मतांनी फेटाळली आणि २८ दिवसांवर तडजोड झाली. २००८ मध्ये गॉर्डन ब्राऊन यांचे सरकार ४२ दिवसांची मागणी घेऊन आले. ११ जून २००८ रोजी ती ३१५ विरुद्ध ३०६ अशा अवघ्या ९ मतांनी मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी एक अजब गोष्ट घडली. विरोधी हुजूर पक्षातर्फे गृहखात्याची बाजू सांभाळणारे डेव्हिड डेव्हिस यांनी खासदारकीचाच राजीनामा दिला. या एका प्रश्नावर आपल्या मतदारसंघाने पुन्हा कौल द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. हे गृहस्थ काही मवाळ नव्हते. फाशीच्या शिक्षेचा त्यांनी उघड पुरस्कार केला होता. ४२ दिवसांच्या कोठडीत जाण्याची वेळ त्यांच्यावर किंवा यॉर्कशायरमधील त्यांच्या मतदारांवर येण्याचा संभवही जवळजवळ नव्हता. तो कायदा ज्यांच्या दारापर्यंत येणार होता ती मुख्यतः ब्रिटिश मुसलमान तरुणांची घरे होती. अनेकांनी त्यांच्या राजीनाम्याची नाटक म्हणून टिंगल केली. सत्ताधारी मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नाही. १० जुलैला ते सुमारे ७२ टक्के मते घेऊन परत निवडून आले, पण पक्षातले मोठे पद मात्र गमावून बसले.

लॉर्ड्समध्ये या ४२ दिवसांना विरोध करणाऱ्यांत एलिझा मॅनिंगहॅम-बुलर होत्या. २००५ च्या स्फोटांच्या वेळी ब्रिटनच्या अंतर्गत हेरखात्याच्या प्रमुख याच होत्या. धोका किती आहे हे त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? तरीही हे तत्त्वाला आणि व्यवहारालाही धरून नाही असे त्यांनी सांगितले. १३ ऑक्टोबर २००८ रोजी लॉर्ड्सने ३०९ विरुद्ध ११८ मतांनी तो प्रस्ताव उडवून लावला आणि सरकारने तो सोडून दिला. पुढे २८ दिवसांची मुदतही गेली आणि २०१२ च्या कायद्याने मर्यादा पुन्हा १४ दिवसांवर आली. ओळखपत्राचा कायदाही २०१० च्या अखेरीस रद्द झाला होता.

वाचकहो, या यादीतली नावे पुन्हा पाहा. एक हुजूर पक्षाचा नेता, एक हेरखात्याची माजी प्रमुख, एक पत्रकार बाई. यांतले कोणीही आपल्या समाजाचे नाही आणि आपल्या समाजावर उपकार करायलाही त्यांच्यातले कोणी निघाले नव्हते. ते ज्यासाठी उभे राहिले त्याचा लाभ आपल्या लोकांना झाला, कारण कायद्याचे संरक्षण एकाला मिळाले तर ते सर्वांना मिळते. उलट बाजूने हे आपल्यालाही लागू आहे. दुसऱ्याच्या मुलाला विनाकारण कोठडीत ठेवले, तो कोणत्याही जातीधर्माचा असो, तेव्हा आपण ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून पान उलटले, तर उद्या आपल्या मुलासाठी कोण उभे राहील?

लपवाछपवीने स्वातंत्र्य कसे पोखरले जाते याची आणखी दोन उदाहरणे देतो. सप्टेंबर २००३ मध्ये लंडनमध्ये शस्त्रांचे एक प्रदर्शन भरले होते. त्याविरुद्ध निदर्शने चालू असताना एक विद्यार्थी आणि एक पत्रकार यांची पोलिसांनी झडती घेतली. दोघेही मुसलमान नव्हते. २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याचे ४४ वे कलम पोलिसांनी वापरले होते. काही संशय नसतानाही झडती घेता येईल असे ते कलम होते. मात्र त्यासाठी तो भाग आधी ठराविक मुदतीसाठी घोषित व्हावा लागे. हे दोघे न्यायालयात गेले तेव्हा कळले की संपूर्ण लंडन शहरच २००१ पासून असे घोषित होते. मुदत संपली की नवी परवानगी, ती संपली की आणखी नवी, असे गुपचूप चालले होते. राहणाऱ्या लाखो लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. २००९-१० या एका वर्षात या कलमाखाली देशभर एक लाखाहून अधिक लोकांना अडवले गेले आणि त्यातून दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी एकही अटक झाली नाही. सावळ्या वर्णाच्या तरुणांच्या वाट्याला हे अडवणे जास्त आले. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही पद्धत हक्कांचा भंग करणारी ठरवली आणि पुढे ते कलम रद्द झाले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदांतून जगाला कळले की अमेरिकेची गुप्तचर संस्था गोळा करत असलेली लोकांची खासगी माहिती ब्रिटनच्या गुप्तचरांनाही मिळते. लिबर्टी, प्रायव्हसी इंटरनॅशनल आणि ॲम्नेस्टी इंटरनॅशनल यांनी दाद मागितली. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या खास न्यायाधिकरणाने निकाल दिला की ही देवाणघेवाण २०१४ च्या अखेरपर्यंत बेकायदा होती. का? तर ती ज्या नियमांनी चालत होती ते नियमच जनतेपासून लपवलेले होते. नियम वाईट होते म्हणून नव्हे, तर ते लपवले होते म्हणून. न कळणारा नियम हा नियम नसतो, हे त्या निकालाचे सार आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पोलिसांची भीती पोकळ नव्हती. २००७ मध्ये बर्मिंगहॅममध्येच एका मुस्लिम सैनिकाला पळवून ठार मारण्याचा कट पकडला गेला होता. त्या कटापासून आधी कोणाला वाचवायचे होते? एका मुसलमानालाच. पाळत, तपास, गुप्तता यांची गरज पोलिसांना असते. एका संशयितावर नजर ठेवताना त्याला पत्र लिहून कळवता येत नाही हे आम्हालाही समजते. पण एका संशयितावर ठेवलेली नजर निराळी आणि वस्तीतल्या प्रत्येक गाडीवर, शाळेत मुले सोडणाऱ्या आईवर आणि फज्रच्या नमाजला निघालेल्या आजोबांवर ठेवलेली नजर निराळी. पहिल्यासाठी कारण लागते. दुसऱ्यात पत्ता हेच कारण होऊन बसते. शिवाय त्या लपवाछपवीने पोलिसांचे स्वतःचेच नुकसान केले. गुन्ह्याची पहिली खबर वस्तीतूनच येते आणि फसवली गेलेली वस्ती खबर देत नाही.

ब्रिटनमध्ये हा लढा संपलेला आहे असेही नाही. २०१३ च्या एका कायद्याने तिथे काही दिवाणी दाव्यांत सरकारला आपला गोपनीय पुरावा फक्त न्यायाधीशांना दाखवण्याची मुभा मिळाली. समोरच्या पक्षाला आणि त्याच्या वकिलाला तो पाहता येत नाही. एक दार उघडले की दुसरे बंद होते. म्हणून विचारणारे लोक कायम लागतात.

आपल्या देशाच्या माहितीच्या अधिकाराचा कायदाही त्याच २००५ सालचा आहे; १२ ऑक्टोबरला तो पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्रात तर त्याआधीच राज्याचा स्वतःचा कायदा होता. १० रुपयांचे शुल्क, साधा अर्ज आणि ३० दिवसांत उत्तर, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पण त्याच कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. मागितलेली माहिती कोणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती ४८ तासांत दिली पाहिजे. कायदा करणाऱ्यांनी माहिती आणि स्वातंत्र्य यांचे नाते एका ओळीत बांधून ठेवले आहे. ही ओळ घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी तरी पाठ करून ठेवावी, असे आम्ही सुचवतो.

कोकणातल्या अनेक घरांचे नातलग ब्रिटनमध्ये आहेत. त्यांच्याशी फोनवर बोलताना हवापाणी आणि लग्नकार्यांबरोबर कधीतरी हेही विचारावे की, तुमच्याकडे असे काही झाले तर तुम्ही काय करता? आणि आपल्या गल्लीत उद्या नवा खांब उभा राहिला, तर रागावण्याआधी किंवा मान डोलावण्याआधी पाच प्रश्न शांतपणे लिहून काढावेत. हे कोणी मंजूर केले? पैसा कोणत्या निधीतून आला? इथेच का, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे? जमा झालेल्या नोंदी किती दिवस ठेवणार आणि कोण पाहणार? चूक झाली तर तक्रार कुठे करायची? या प्रश्नांत कोणावर आरोप नाही. ज्याचे काम सरळ आहे त्याला त्यांची उत्तरे देणे सोपे जाते.

अर्ज शेजाऱ्यांना बरोबर घेऊन करावा, एकट्या आपल्या समाजाचा म्हणून करू नये. बर्मिंगहॅमच्या त्या सभांना सर्व धर्मांचे लोक आले होते, कारण गाडीची नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा आत बसलेल्याचा धर्म विचारत नाही. अर्जाची एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवावी. उत्तर आले नाही तर अपील करावे. हेदर ब्रूक यांनी माहिती मागितली तेव्हापासून बिले लोकांसमोर यायला चार वर्षांहून अधिक काळ लागला; आपणही पहिल्या नकाराला निराश होऊ नये.